गाडीला पाणी दाखवण्याचे दिवस

अंबरनाथजवळ काकोळे गावाला लागून डोंगरांच्या कुशीत एक तळे आहे. त्याला आजही ‘जीआयपी टँक’च म्हणतात. जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे. ही कंपनी १९५१ साली मध्य रेल्वेत विरून गेली, पण तळ्याला तिचे नाव चिकटले ते चिकटलेच. वाफेच्या इंजिनांना पाणी लागे, भरपूर लागे आणि बारा महिने लागे. त्यासाठी वालधुनी नदीच्या उगमाकडच्या या खोऱ्यात रेल्वेने पाणी अडवून ठेवले. इंजिने गेली, तळे राहिले. आता त्याच परिसरात ‘रेल नीर’चा कारखाना आहे. एके काळी इंजिन प्यायचे ते पाणी गाळून, शुद्ध करून बाटलीत भरतात आणि प्रवासी पितो.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातल्या वाहनांचा इतिहास सांगायला बसले की सुरुवात अशी पाण्यापाशीच होते. बदलापूरचे नाव घोडे बदलण्यावरून पडले, अशी आख्यायिका आहे. लांबच्या पल्ल्याचे स्वार इथे दमलेला घोडा देत आणि ताजा घेत. आख्यायिका खरी असो वा नसो, उल्हास नदीच्या काठी असा थांबा पडणे पटण्यासारखे आहे. पाण्याशिवाय घोड्याचा मुक्काम कसला? जनावराला पाणी ‘दाखवायचे’ असते, असे मराठीत म्हणतात. घोडा गेला, बैल गेला, पण क्रियापद उरले. जुना ड्रायव्हर सकाळी गाडी काढण्याआधी क्लीनरला विचारायचा, “पाणी दाखवलं का?” बोनेट उघडून रेडिएटरमध्ये लोटाभर पाणी ओतणे हा त्याच्या लेखी देखभालीचा भाग नव्हताच, तो दिवस सुरू करण्याचा रिवाज होता. आजच्या गाडीत पाण्याच्या जागी असलेला कूलंट बदलल्यावर त्याची पातळी खाली का जाते, या साध्या प्रश्नात या रिवाजाचे बरेच काही अडकले आहे.

पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. १ मे १८५४ला रूळ कल्याणला पोहोचले आणि १२ मे १८५६ला बदलापूर-वांगणीवरून थेट घाटाच्या पायथ्याशी, खोपोलीला. पुढचा बोरघाट चढायला १८६३ उजाडले. या मार्गावरचे इंजिन पाणी ‘वापरत’ असे, हे इथे लक्षात ठेवायला हवे. बॉयलरमधले पाणी वाफ होऊन सिलिंडरमधला पिस्टन ढकलायचे आणि धुराड्यातून आकाशात जायचे. ते परत यायचे नव्हते. म्हणून ठरावीक अंतरावर पाण्याचे उंच नळ, टाक्या आणि त्यांच्यामागे काकोळ्यासारखी तळी. पाणी जड असेल तर बॉयलरच्या आत क्षारांचा थर धरायचा, कोळसा जास्त जळायचा, नळ्या फुटायच्या. त्यामुळे रेल्वेला पाणी किती आहे याबरोबर ते कसे आहे याचीही फिकीर होती. ही दुसरी फिकीर मोटारवाल्यांपर्यंत पोहोचायला पुढे शंभर वर्षे लागली.

१ जून १९३०ला डेक्कन क्वीन सुरू झाली तेव्हा कल्याण-पुणे मार्गावर वीज आली होती. विजेच्या इंजिनाला तहान नव्हती. पण तोवर शेजारच्या रस्त्यावर दुसरे तहानलेले यंत्र धावू लागले होते.

आगगाडीच्या बॉयलरमध्ये वाफ झाली की काम झाले; मोटारीत वाफ झाली की काम बिघडले. पेट्रोल किंवा डिझेलच्या उष्णतेतला ढोबळ मानाने तिसरा हिस्सा चाकांपर्यंत जातो, तिसरा धुरातून जातो आणि उरलेला इंजिनाच्या अंगात मुरतो. तो बाहेर काढला नाही तर पिस्टन आवळतात. कार्ल बेंझने १८८६ साली पेटंट घेतलेल्या तीनचाकीत यावर उपाय सोपा होता: सिलिंडरभोवतीचे पाणी उकळू द्यायचे, वाफ उडू द्यायची आणि वरून नवे पाणी ओतायचे. १८८८च्या ऑगस्टमध्ये त्याची पत्नी बेर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फॉर्झहाइमला निघाली तेव्हा शंभरेक किलोमीटरच्या वाटेत तिला जिथे मिळेल तिथे पाणी भरावे लागले. जगातला तो पहिला लांबचा मोटारप्रवास, आणि त्याच दिवशी गाडीला पाणी दाखवण्याची प्रथाही सुरू झाली म्हणायची. उडणारे पाणी कोंडून पुन्हा पुन्हा वापरायची खरी सोय विल्हेल्म मायबाखने १९००-०१ च्या मर्सिडीजसाठी केली. आठ हजारांहून अधिक बारीक नळ्यांची एक चौकट, तिच्यातून वारा, भोवती पाणी. आपले मेकॅनिक रेडिएटरच्या आतल्या भागाला ‘जाळी’ म्हणतात, ते अगदी नेमके वर्णन आहे.

या भागात मोटारी मोठ्या संख्येने आल्या त्या लढाईमुळे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या माळावर लष्कराचा मोठा तळ उभा राहिला. २,१२६ बराकी, मधोमध लांब दालन आणि दोन्ही टोकांना खोल्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना याच बराकींत वसवले गेले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे नाव उल्हासनगर झाले, नदीवरून. कॅम्प एक ते कॅम्प पाच ही लष्करी मोजणी मात्र आजही रिक्षावाल्याच्या तोंडी आहे.

ज्यांच्याकडे शेती नव्हती, सरकारी नोकरी नव्हती, त्यांनी हाताला लागेल तो धंदा धरला. बराकीच्या दालनात लेथ बसले, शिवणयंत्रे बसली, पापड वाळले. परदेशी वस्तूची हुबेहूब नक्कल करून त्यावर ‘मेड इन यूएसए’ लिहायचे आणि विचारले तर ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा अर्थ सांगायचा, हा विनोद महाराष्ट्रभर फिरला. विनोदामागचे कौशल्य मात्र खरे होते. परवाना-परमिटच्या काळात सुटा भाग बाजारात मिळणे हेच नवल असे, तेव्हा जुना भाग पुन्हा उभा करणाऱ्याला मोल होते.

रेडिएटरवाला हा अशांपैकी एक. त्या काळचा रेडिएटर पितळ-तांब्याचा. वर-खाली पितळी टाक्या, मध्ये तांब्याची जाळी. गळला तर फेकत नसत. सोडवून पाण्याच्या हौदात बुडवायचा, एका तोंडातून हवा सोडायची आणि बुडबुडे जिथून येतील तिथे खडूने खूण करायची. मग घासून, तेजाब लावून डाख द्यायचा. आत क्षार साचले असतील तर वरची टाकी उकलून प्रत्येक नळीतून लोखंडी पट्टी घालून काढायचे. डाख इतके पडलेले असत की काही रेडिएटरांचे वजन मूळच्यापेक्षा वाढायचे, असे जुने लोक हसत सांगतात. अतिशयोक्ती असेल, फार मोठी नसेल.

गाड्याही अशाच सोसणाऱ्या होत्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातल्या कारखान्यातून फियाट निघायची, तिचीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. पंखा पट्ट्यावर फिरणारा, म्हणजे इंजिन मंद चालले की पंखाही मंद. एप्रिल-मे मध्ये रेल्वे फाटकापाशी किंवा घाटात अडकले की काटा लाल रेघेकडे सरकायचा. बोरघाटातल्या चढावर कडेला बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या आणि त्यांच्याजवळ बादली, डबे घेऊन फिरणारी पोरे, हे दृश्य एका पिढीच्या मुंबई-पुणे प्रवासाचा भागच होते. टोपण काढायची घाई केली तर उकळते पाणी हातातोंडावर उडायचे. म्हणून अनुभवी ड्रायव्हर आधी चहा घ्यायचा. तो आळस नव्हे, अर्ध्या तासाची सुरक्षितता होती.

उपायांचा तर एक घरगुती औषधकोशच होता. बारीक गळती असेल तर रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकायची; ती फुगून भोकात बसते. फियाटचा पेट्रोल पंप तापून इंधनाची वाफ झाली की त्यावर ओले फडके गुंडाळायचे. आणि गाडी वारंवार तापत असेल तर थर्मोस्टॅट काढून टाकायचा. ही शेवटची सूचना आजही कानावर पडते. थर्मोस्टॅट म्हणजे मेण भरलेला एक छोटा दरवाजा. साधारण ८२ ते ८८ अंशांना तो उघडतो आणि तोवर पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणजे इंजिन लवकर योग्य तापमानाला येते. “आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?” म्हणून तो फेकला जायचा. गाडी चालायची, फक्त कायम थोडी थंड, थोडी जास्त पेट्रोल पिणारी आणि लवकर झिजणारी.

हाच प्रश्न कूलंटलाही आडवा आला. त्याचा मूळ घटक एथिलीन ग्लायकॉल फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल-आदोल्फ वुर्त्झ याने १८५०च्या दशकात प्रथम तयार केला. पाण्यात निम्मा मिसळला तर मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, म्हणून युरोप-अमेरिकेत त्याचे नाव पडले ‘अँटिफ्रीझ’. बदलापुरात पारा दहा-बारा अंशांवर उतरला तरी बातमी होते. तिथे गोठण्याविरुद्धचे औषध कोण विकत घेणार? बाटलीवरच्या नावाने गिऱ्हाईक परत पाठवले ते असे.

त्यात पाणीच बरे, हे मेकॅनिकचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. उष्णता वाहून नेण्यात निव्वळ पाणी ग्लायकॉल-मिश्रणापेक्षा सरसच आहे. मिश्रणाचा फायदा दुसरीकडे आहे. ते उशिरा उकळते, आणि त्यात गंज रोखणारी रसायने असतात. बोअरवेलच्या पाण्यातले क्षार, नळाच्या पाण्यातले क्लोरीन आणि इंजिनातले निरनिराळे धातू एकत्र आले की आतल्या आत कुरतडणे सुरू होते. जाडजूड ओतीव लोखंड हे बरीच वर्षे सहन करते. ॲल्युमिनियमचे हेड आणि ॲल्युमिनियमचीच जाळी करत नाही.

आणि ॲल्युमिनियम आले. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० गिऱ्हाइकाच्या हाती पडली, तेव्हापासून भारतीय गाड्या हलक्या, नेमक्या आणि नाजूक होत गेल्या. कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यातल्या प्रीमियरच्या कारखान्यात १९९० च्या दशकात काही काळ प्यूजो ३०९ तयार होत होती, त्या गाडीलाही विहिरीचे पाणी मानवणारे नव्हते. पद्मिनी मागे पडली. मुंबईच्या रस्त्यावरची तिची शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस थांबली. ग्लायकॉल मात्र इथे परके नव्हते. ठाणे-बेलापूर रस्त्यावर ‘नोसिल’चा नाफ्था फोडणारा कारखाना १९६८ साली सुरू झाला, त्याच्या उत्पादनांत ते होते. म्हणजे तिकडे जवळच ग्लायकॉल बनत असताना इकडे लोक रेडिएटरमध्ये हळद टाकत होते.

आता गॅरेजातल्या रोजच्या तक्रारीकडे. गिऱ्हाईक कूलंट बदलून घेते, दोन दिवसांनी बोनेट उघडते आणि प्लास्टिकच्या टाकीतली पातळी ‘मिन’च्या रेघेखाली दिसते. मेकॅनिकने कमी भरला, अशी पहिली शंका. बहुतेक वेळा खरे कारण हवा असते. खालचा नळ सोडला की रेडिएटर रिकामा होतो, इंजिनाच्या ब्लॉकमधला बराचसा कूलंट आतच राहतो आणि नवे भरताना वाकड्यातिकड्या वाटांत हवा अडकते. थर्मोस्टॅट बंद असतो, त्यामुळे त्याच्या पलीकडची पोकळी भरलेली नसतेच. गाडी पूर्ण तापली, दरवाजा उघडला, हवा वर आली की तिची जागा टाकीतला कूलंट घेतो. पातळी उतरते. म्हणून जाणता मेकॅनिक टोपण उघडे ठेवून, हीटर पूर्ण गरमवर लावून, पंखा एकदोनदा फिरेपर्यंत इंजिन चालू ठेवतो, वरचा होज हाताने दाबत बुडबुडे काढतो आणि मग सांगतो: “दोन दिवसांनी सकाळी, थंड गाडीवर बघा.” एकदा भर घातल्यावर पातळी स्थिरावली तर प्रकरण मिटले.

न स्थिरावल्यास जुनी सवय घात करते. बंद फेऱ्यातले पाणी संपायचे नसते. वाफेचे इंजिन पाणी खायचे, जुनी फियाट सांडायची. पण आजच्या गाडीत रोज अर्धा पेला घालावा लागत असेल तर तो कुठेतरी जातो आहे. गंमत अशी की पाणी दाखवायला सरावलेला माणूस रोज इमानेइतबारे भर घालतो आणि महिनोन्‌महिने दुखणे झाकतो. शिवाय साध्या पाण्याची भर पडत गेली की मिश्रण पातळ होते, गंजरोधक कमी पडते आणि ज्यासाठी कूलंट घातला तेच निघून जाते.

पहिला संशयित सगळ्यात स्वस्त: रेडिएटरचे टोपण. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो, तो दाबाचा. ०.९च्या टोपणाखाली साधे पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळते, कूलंट त्याहून वर. रबर कडक झाले की दाब टिकत नाही, कूलंट लवकर उकळून बाहेर पडतो, आणि गाडी थंड होताना टाकीतून परत ओढलाही जात नाही. दुसरा संशयित होजची क्लॅम्प, विशेषतः नुकत्याच झालेल्या कामात हलवलेली. तिसरा पाण्याचा पंप. त्याच्या खालच्या बारीक छिद्रातून सुकलेल्या कूलंटचा रंगीत ओघळ दिसतो. पायाखालची सतरंजी ओली आणि गाडीत गोडसर वास असेल तर डॅशबोर्डआडची हीटरची जाळी. आणि काहीच दिसत नसेल, धूर पांढरा असेल, डिपस्टिकवरचे ऑइल ताकासारखे झाले असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे मोठा खर्च.

ताकासारखे ऑइल पाहून इथला मेकॅनिक मात्र आधी एक स्थानिक प्रश्न विचारतो: गाडी पुरात होती का? २६ जुलै २००५ला आणि पुन्हा २७ जुलै २०१९ला उल्हास नदी वस्तीत शिरली. दुसऱ्या खेपेस बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. अशा दिवशी दाराशी उभ्या गाड्यांच्या इंजिनात नदी भरते. कूलंटचा फेरा बंद असल्याने बऱ्याचदा तेवढाच शाबूत राहतो.

काढलेला जुना कूलंट कुठे जातो, हा प्रश्न गॅरेजात फारसा विचारला जात नाही. बहुधा गटारात, गटारातून नाल्यात आणि नाल्यातून वालधुनीत. चवीला गोड आणि कुत्र्यामांजरांना जीवघेणा असा हा द्रव आहे. वालधुनी अंबरनाथच्या शिलाहारकालीन शिवमंदिरापाशी वाहते. मंदिराचा शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इ. स. १०६०चा. मंदिरापासून उल्हासनगरपर्यंतच्या काही किलोमीटरांत नदीचा रंग कसा बदलतो ते सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. त्यात गॅरेजांचा वाटा कारखान्यांच्या मानाने थेंबभरच. पण काकोळ्याच्या डोंगरात निघून इंजिनांची तहान भागवलेली नदी इंजिनांचेच उष्टे पोटात घेते, ही गोष्ट नजरेआड करण्यासारखी नाही.

बाटल्यांच्या रंगांचा गोंधळ अजून चालूच आहे. हिरवा, लाल, गुलाबी, निळा. रंग कंपनीने घातलेला असतो, त्यावरून आतले रसायन ओळखता येत नाही. दोन जातींचे गंजरोधक एकत्र आले तर काही वेळा गाळ धरतो आणि बारीक नळ्या तुंबतात. बाटलीवर आयएस ५७५९ हे भारतीय मानक आहे का आणि ती तयार मिश्रणाची आहे की पाणी घालून वापरायची, हे वाचण्याची तसदी कमीच जण घेतात. अर्कात पाणी घालायचे तर क्षार काढलेले, बॅटरीवाल्याकडे मिळते ते. दुकानदार ते कूलंटच्या बाटलीशेजारीच ठेवतो, आणि गिऱ्हाईक पैसे वाचवून घरच्या नळाचे घालते.

संध्याकाळी काटई-बदलापूर पाइपलाइन रस्त्यावर वाहने रांगेने अडकतात. रस्त्याच्या कडेने बारवी धरणाचे पाणी वाहून नेणाऱ्या माणूसभर उंचीच्या जलवाहिन्या, आणि त्यांच्या शेजारी एसी लावून उभ्या गाड्यांचे पंखे धडधडत असतात. एखाद्याचा काटा चढतो. तो गाडी कडेला घेतो, बोनेट उघडतो, टाकीत डोकावतो, मग मागच्या सीटवर लवंडलेली स्टेशनवर घेतलेली रेल नीरची अर्धी बाटली उचलतो. त्या बाटलीचे प्लास्टिकही ग्लायकॉलपासूनच बनलेले असते, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. इंजिन जरा निवल्यावर तो टोपण फडक्याने धरून हळूच फिरवतो आणि काकोळ्याचे पाणी आत ओततो.